मामांचा लॅपटॉप: काळी पडणारी स्क्रीन आणि हरवणारी ड्राइव्ह

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५, रात्र

मामा दिंडोरीहून स्वतः लॅपटॉप घेऊन आले, टॉवेलमध्ये गुंडाळून. चहा यायच्या आधीच म्हणाले, "यात तीन हंगामांच्या फवारण्या हायेत. मशीन गेलं तरी चालंल, त्या तेवढ्या काढ."

मामांची द्राक्षं निर्यातीला जातात. कोणत्या तारखेला कोणतं औषध, लिटरला किती, तिथून काढणीपर्यंत किती दिवस गेले, हे लिहिलेलं नसेल तर निर्यातदार बागेत पाय ठेवत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. तेव्हापासून फवारणी लिहून झाल्याशिवाय मामा पंप धुवायला देत नाहीत. आधी वही होती. २०२२ च्या छाटणीपासून मामेभावाने सगळं एक्सेलमध्ये घेतलं. आत्ता बाग फुलोऱ्यात आहे, डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे दिवस आहेत, वर्षातल्या सगळ्यात दाट नोंदी याच महिन्यातल्या.

मशीन: १५.६ इंची, २०२० ची खरेदी, दहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (सगळा डेटा साठवणारी ड्राइव्ह ती हीच).

मामेभावाशी फोनवर बोलून तक्रार त्याच्याच शब्दांत उतरवून घेतली: स्क्रीन मधेच काळी होते, पंखा चालू राहतो. कधी दोन सेकंदांत परत येते, कधी येतच नाही. कधी सगळं गोठतं, आणि बंद करून चालू केलं की बूट डिव्हाइस, म्हणजे जिच्यावरून विंडोज चालू होतं ती ड्राइव्ह, सापडत नाही असं म्हणतो. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. सकाळी चालतो, दुपारी जातो.

कारणं मात्र तयार आहेत, तीन माणसांची तीन. मामेभाऊ म्हणतो विंडोज ११. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चा आधार संपला म्हणून त्याने ११ टाकलं आणि तिथूनच हे सुरू झालं. मामा म्हणतात, दुपारी मोटारी चालू झाल्या की लाइटचा दाब पडतो. शहरातल्या एका दुकानात दाखवला तर मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, उघडून न बघता.

मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या ब्रेकडाऊन रजिस्टरमध्ये कारणाचा रकाना अगदी शेवटी असतो. आधी वेळ, मग काय दिसलं, मग काय केलं. इथेही तसंच करणार.

त्याच रात्री, ११.१५

काम उद्यावर ढकलणार होतो, पण टचपॅडचा उजवा कोपरा दाबला जाईना. मशीन ओट्यावर ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं तर डुगडुगलं. खालचं झाकण मधोमध किंचित पोटाडलेलं. याचा अर्थ एकच, तेव्हा लगेच उघडलं.

बॅटरीत तीन सेल शेजारी शेजारी. दोन सपाट, तिसरा पापडासारखा फुगलेला, वरचं काळं आवरण ताणून चकचकीत झालेलं. लिथियम-आयन सेलच्या आत वायू साठला की असं होतं, आणि अशा सेलला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर आग लागू शकते. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवला, स्क्रू काढले, बॅटरी न वाकवता उचलली आणि गॅलरीत रिकाम्या कुंडीत वाळूवर ठेवली. घरात सांगून ठेवलं, तिला कुणी हात लावायचा नाही.

तक्रारीत हिचा उल्लेखही नव्हता. आणि हे मशीन महिनाभर मामींच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लागत होतं.

यापुढचं सगळं काम बॅटरीशिवाय, नुसत्या अ‍ॅडॅप्टरवर. लाइट गेली तर मशीन तिथल्या तिथे बंद, म्हणून प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

आधी नोंदी काढायच्या, रोगनिदान नंतर. ड्राइव्ह कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा तिच्यावरचं विंडोज चालू करायचंच नाही. विंडोज चालू झालं की तेही तिच्यावर लिहीत राहतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. लॅपटॉपची स्क्रीन बेभरवशाची, म्हणून एचडीएमआयने हॉलमधला टीव्ही जोडला.

ड्राइव्ह दिसली. एन्क्रिप्शन आहे का ते आधी बघितलं. असतं तर बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची ४८ अंकी रिकव्हरी की शोधत बसावं लागलं असतं. नव्हतं. ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती जोडली आणि सगळ्यात पहिला 'बाग' नावाचा फोल्डर घेतला. १४ जीबी, त्यात बहुतेक पानांचे आणि घडांचे फोटो, एक्सेलच्या फाइली जेमतेम ३० एमबी. एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक माझ्या संगणकावर. ९.५० ला मामांना फोन केला. फाइल उघडून दाखव म्हणाले. व्हिडिओ कॉलवर १२ नोव्हेंबरची फवारणी वाचून दाखवली, मग त्यांना पटलं.

१०.२४ ला ड्राइव्ह गेली.

ती जाताना काय होतं हे मला पहिल्यांदा समोर दिसलं. विंडोजमध्ये ते दिसत का नाही, तेही तिथेच उमगलं. मामेभावाने मला इव्हेंट व्ह्यूअरचे, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीचे फोटो पाठवले होते, त्यात जिथे तिथे फक्त कर्नल-पॉवर ४१. ही नोंद पुढच्या वेळी चालू होताना पडते आणि मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते. त्याच्या आधीची पाच-दहा मिनिटं कोरी. साहजिक आहे, लॉग ज्या ड्राइव्हवर लिहायचा तीच निघून गेल्यावर विंडोज लिहिणार कुठे? घरफोडी झाली तेव्हा वॉचमनची वहीसुद्धा चोरच घेऊन गेला, अशातली गत. लिनक्स पेनड्राइव्हवर असल्यामुळे त्याची वही वाचली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं: कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी तिच्यातली चिप) बंद पडला आहे, रीसेट करतो, आणि स्टेटस रजिस्टरची किंमत सगळे एफच एफ. पीसीआय एक्स्प्रेसवर, म्हणजे ड्राइव्ह ज्या मार्गाने बोर्डाशी बोलते त्यावर, उपकरण उत्तरच देत नसेल तर वाचणाऱ्याला सगळे बिट एक मिळतात, म्हणून हे एफ. ड्राइव्ह चूक उत्तर देत नव्हती, उत्तरच देत नव्हती.

रीस्टार्टने परत आली नाही. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) नाव नाही. अ‍ॅडॅप्टर काढून, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरून, वीस मिनिटं थांबून चालू केल्यावर परत हजर.

बायोसमध्येच नाव नाही म्हटल्यावर विंडोज ११वरचा आरोप निम्मा इथेच पडला.

रविवार, संध्याकाळ

आता पूर्ण ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरलं, कारण कुठपर्यंत वाचून झालं याचा नकाशा ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. ड्राइव्ह मध्येच गेली तर परत आल्यावर पुढून सुरू करता येतं. एक धोका मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ड्राइव्ह गायब झाल्यावरही ते चालू राहिलं तर उरलेला सगळा भाग वाचता न येणारा म्हणून नकाशात भरला जातो. म्हणून समोर बसून राहिलो आणि दर पंधरा मिनिटांनी नकाशाची प्रत काढत गेलो.

पहिली फेरी २६ मिनिटं, दुसरी ३४.

मग लिनक्सला चालू करतानाच सांगितलं की एनव्हीएमईला वीज वाचवायच्या खालच्या पातळ्यांवर जाऊ देऊ नकोस. काही ड्राइव्ह त्या पातळीवर एकदा झोपल्या की उठत नाहीत, हा माहितीतला आजार आहे. सोबत खालचं झाकण उघडंच ठेवून टेबलफॅनचा झोत थेट एसएसडीवर सोडला. तिसरी फेरी: १ तास ५० मिनिटं, प्रतिमा पूर्ण, न वाचता आलेला भाग शून्य.

इथे माझ्याकडून चूक झाली ती नोंदवतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या. आता कशाने फरक पडला, विजेच्या पातळीने की वाऱ्याने, हे सांगता येत नाही. डेटा हातात यावा म्हणून ते माफ, पण निदानासाठी दोन्ही वेगवेगळं करून बघावं लागेल.

स्मार्टचे आकडेही, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते, उतरवून ठेवले: एकूण प्रकृती 'पास', मीडिया एरर शून्य, झीज ११ टक्के, अवेळी बंद पडण्याची संख्या २१३. हा 'पास' शब्द फार फसवा आहे. डेटा साठवणाऱ्या पेशी किती झिजल्या, वाचताना किती चुका झाल्या हे ड्राइव्ह स्वतः मोजते आणि स्वतःच सांगते. ती बेशुद्ध असताना काय झालं ते ती कसं सांगणार? त्यातल्या त्यात बोलका आकडा २१३.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कामावरून आल्यावर स्क्रीन घेतली. मी अजून दोन्ही दुखणी एकाच रोगाची धरून चाललो होतो, बोर्डावरची एखादी वीज-लाइन डळमळते असं मनात होतं. ते आज मोडलं.

टीव्ही जोडलेला असताना लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली, टीव्हीवरचं चित्र हललंसुद्धा नाही. म्हणजे ग्राफिक्सचा भाग ठीक. अंधार करून काळ्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. फक्त बॅकलाइट गेला असता तर अंधूक चित्र दिसलं असतं. काहीच दिसलं नाही. मग बायोसच्या पानावर थांबलो, जिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, आणि झाकण हळूहळू मागे नेत गेलो. मोबाइलमधलं कोन मोजायचं अ‍ॅप झाकणाला टेकवून ठेवलं होतं. १०४ अंशांवर काळी. ११५ वर परत आली. पुढे आणताना पुन्हा ११२ ला गेली. आठ वेळा केलं, आठही वेळा १०० ते ११५ च्या दरम्यान.

ओट्यावर ठेवून बसून बघायचा कोन नेमका हाच.

ड्राइव्ह मात्र या सगळ्या वेळात जागेवर. स्क्रीन काळी होण्याचा आणि ड्राइव्ह जाण्याचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मामांना सांगितलं की अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, दाब पडला तरी मोटारीसारखं त्याचं होत नाही. "मग दुपारीच का जातो?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एसएसडी काढली. ८० मिमी लांबीची, वरच्या पत्र्याखालचा थर्मल पॅड (उष्णता पत्र्याकडे नेणारी मऊ पट्टी) वाळून खडखडीत. स्लॉटमधली टोकं स्वच्छ केली, पॅड बदलला, परत नीट बसवली, स्क्रू घट्ट केला. दोन तास चालली.

दुरुस्त झालं. स्लॉटमध्ये नीट बसलेली नव्हती, फुगलेल्या बॅटरीने कड उचलली असणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कालच्या नोंदीतला शेवटचा परिच्छेद चुकीचा. खोडत नाही, असू दे.

आज खालचं झाकण बसवून चालवली. ४७ मिनिटांत गेली. काल दोन तास चालली ती मशीन उघडं होतं आणि खोलीत गारठा होता म्हणून. काढून परत बसवल्याने 'बरी' होणारी वस्तू अनेकदा नुसती थंड झाल्याने बरी झालेली असते, आणि आपण श्रेय स्लॉटला देतो.

गुरुवार २० आणि शुक्रवार २१ नोव्हेंबर

एका वेळी एकच बदल.

विजेच्या खालच्या पातळ्या बंद, पंखा नाही, खालचं झाकण बंद: ४४ मिनिटं, ४१ मिनिटं.
विजेच्या पातळ्या नेहमीसारख्या, खालचं झाकण उघडं, पंखा चालू: तीन तास गेली नाही, मीच बंद केलं.

म्हणजे झोपेतून न उठण्याचा आजार नाही. उष्णता. ७० अंशांच्या आसपास पोचली की थोड्याच वेळात जाते. एसएसडीला ७० अंश काही जीवघेणे नाहीत, चांगली ड्राइव्ह त्या तापमानाला गती थोडी कमी करते आणि चालत राहते.

आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दिंडोरीला सकाळी या दिवसांत चांगलाच गारठा असतो, दुपारी पत्र्याच्या खोलीत उकाडा. सकाळी चालतो, दुपारी जातो. मोटारी आणि लॅपटॉप दोघांनाही दुपारच भोवत होती, म्हणून त्यांना त्यात नातं दिसलं. निरीक्षण मामांचं बरोबरच होतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आता दोषी कोण, ड्राइव्ह की लॅपटॉपचा स्लॉट? याचा निकाल अदलाबदलीनेच लागतो.

यांची ड्राइव्ह यूएसबीच्या डबीत घालून माझ्या संगणकाला जोडली आणि सलग वाचायला लावली. दुसरं मशीन, दुसरी वीज, दुसरी केबल. २८ मिनिटांत गेली. डबी हाताला चटका बसेल इतकी गरम.

उलट बाजूने, माझ्याकडची २५६ जीबीची एसएसडी मामांच्या लॅपटॉपमध्ये बसवून खालचं झाकण लावून दिवसभर लिहायला-वाचायला लावली. नऊ तास. रात्री ८.४० ला मी थांबवली.

ड्राइव्ह गेली आहे. मीडिया एरर शून्य आणि प्रतिमा शंभर टक्के निघाली, त्यावरून पेशी शाबूत दिसतात. कंट्रोलर किंवा त्याला वीज देणारा भाग तापला की मान टाकतो, असं माझं मत. मदरबोर्ड धडधाकट. तो बदलला असता तर तीच ड्राइव्ह नव्या बोर्डावर बसली असती आणि आठ दिवसांनी मामा पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर.

रविवार, २३ नोव्हेंबर

बिजागरीचा दिवस. स्क्रीनची चौकट सोडवली. डावी बिजागरी इतकी कडक झालेली की झाकण उघडताना सगळा जोर प्लॅस्टिकवर येत होता. पितळी नट ज्या खुंट्यांत बसवलेले असतात त्यातल्या दोन मुळापासून निखळून आत लोळत होत्या. त्यामुळे बिजागरी उचलली जायची आणि तिच्या कुशीतून जाणारी डिस्प्लेची केबल दाबली जायची. केबल काढून उजेडात धरली. काळी टेप सोडवल्यावर आत केसाइतक्या बारीक तारांचा जुडगा, त्यातल्या दोन-तीन तारांवरचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं. चित्र आणि बॅकलाइटची वीज दोन्ही याच केबलमधून जातात, म्हणून टॉर्च मारूनही काही दिसलं नाही.

हे एका दिवसात झालेलं नाही. झाकण दरवेळी एकाच कोपऱ्याला धरून उघडलं जातं, त्याची ही झीज. विंडोज ११च्या आठवड्यात ती तुटायला आली इतकंच. मामेभाऊ उगाच स्वतःला दोष देत होता, त्याला फोन करून हे सांगितलं. महिनाभर मामांसमोर तो खाली मान घालून वावरत होता, असं मामींकडून कळलं.

पितळी नट जागेवर बसवून अ‍ॅराल्डाइट भरलं. २४ तास हात लावायचा नाही. बिजागरीचा नट पाव फेरा सैल केला, आता झाकण एका बोटाने उघडायला हवं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

एम. जी. रोडला गेलो. केबल मॉडेल नंबर दाखवून मागवावी लागली, चार दिवस. बॅटरीचंही तेच.

एसएसडी घेताना दुकानदाराने ५०० जीबीची काढली, "तेवढीच असते हो." नसते. जुन्या ड्राइव्हची प्रतिमा ५१२ जीबीची आहे, ५०० वाली बरोबर १२ जीबी तोकडी पडते आणि प्रतिमा शेवटाला येऊन अडते. आधी पार्टिशन आकसून घेता येतं, पण ज्या प्रतिमेत मामांच्या नोंदी आहेत तिच्याशी मी खेळणार नाही. ५१२ ची घेतली. सोबत जाड थर्मल पॅड.

शनिवार, २९ नोव्हेंबर

केबल आली, बसवली. झाकण शून्यापासून शेवटापर्यंत पन्नास वेळा, बायोसच्या पानावर. एकदाही काळी नाही.

प्रतिमा नव्या एसएसडीवर उतरवली. विंडोज पहिल्या फटक्यात चालू. 'बाग' फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलची चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) १६ तारखेच्या कॉपीशी ताडून बघितली, सगळ्या जुळल्या.

रविवार, ३० नोव्हेंबर ते गुरुवार, ४ डिसेंबर

रोज संध्याकाळी खालचं झाकण बंद करून चार तास. दुपारच्या उकाड्याची नक्कल म्हणून रविवारी भर दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. एसएसडी ६३ अंशांच्या वर गेली नाही. बुधवारी बॅटरी आली, टचपॅडचा कोपरा पुन्हा टिचकी वाजवू लागला.

जुनी बॅटरी ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात नेऊन दिली. घंटागाडीत टाकू नये, तिथे कचरा दाबला जातो आणि दाबलेला फुगीर सेल पेटतो. स्कूटरच्या डिकीत न ठेवता वाळूच्या डब्यात घालून पायाशी ठेवून नेली.

शनिवार, ६ डिसेंबर, दिंडोरी

लॅपटॉप पोचवला. बाग साठ दिवसांची झाली आहे, मणी भरू लागले आहेत. मामा डिपिंगवरून, म्हणजे घड द्रावणात बुडवायच्या कामावरून आले, हात धुऊन ओट्यावर बसले आणि झाकण एका बोटाने उघडलं.

लॅपटॉप माझ्याकडे होता तेवढे दिवस मामींनी फवारण्या जुन्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या, पेन्सिलने, तारीख आणि वेळेसकट. १५ नोव्हेंबरपासून एकेक ओळ त्या वाचत गेल्या आणि मामेभाऊ भरत गेला. मधे एकदा त्याने प्रमाण चुकीचं टाकलं, मामांनी नुसतं ऐकून पकडलं. आता दर रविवारी या फोल्डरची कॉपी माझ्याकडच्या डिस्कवर येईल असं लावून दिलं आहे, आणि वही बंद करायची नाही असं मामींनी ठरवलं आहे.

जुनी एसएसडी माझ्या खणात आहे. तिच्यावर कागद चिकटवला: 'गरम झाली की जाते, २८ मि. वापरू नये.'